सीटखालचा स्विच डायरेक्ट करू नका: हिरवळी सांभाळणाऱ्या संस्थांच्या व्यवस्थापकांना खुले पत्र

मोठी मैदानं, बागा आणि हिरवळी सांभाळणाऱ्या संस्थांचे व्यवस्थापक, विश्वस्त आणि समिती सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली १९ वर्षं बसून चालवायचे मोअर, म्हणजे गवत कापायची यंत्रं, चालवतो आहे. अलीकडे माझा बराच वेळ नव्या मुलांना शिकवण्यात आणि यंत्रांची देखभाल करण्यात जातो. हे पत्र मोअर चालवणाऱ्यांसाठी नाही, त्यांच्याशी मी रोजच बोलतो. तुम्हाला लिहितो आहे, कारण यंत्र कोणतं घ्यायचं, ते कुठल्या उतारावर न्यायचं, किती वाजेपर्यंत मैदान तयार हवं आणि बिघडलेला भाग आज बदलायचा की पुढच्या महिन्यात, हे सगळं तुम्ही ठरवता. चालक सीटवर बसतो त्याच्या आधीच त्याच्या सुरक्षिततेचा बराचसा निकाल लागलेला असतो.

आधी घडलेलं सांगतो.

पूर्वी मी जिथे कामाला होतो तिथल्या एका मोअरचं इंजिन खड्ड्यावरून जाताना मध्येच बंद पडायचं. या यंत्रांच्या सीटखाली एक छोटा स्विच असतो. माणूस बसला की तो दाबला जातो, उठला की सुटतो. पाती फिरत असताना स्विच सुटला तर इंजिन बंद होतं आणि पातीही थांबतात. आमच्या मोअरमध्ये त्या स्विचचं कनेक्शन सैल झालं होतं. सीट जरा उसळली की यंत्राची समजूत व्हायची की चालक उठला. दर दहा मिनिटांनी थांबा, पुन्हा चालू करा, असं होऊ लागलं. काम मागे पडायला लागलं, वरून विचारणा सुरू झाली आणि मेकॅनिकला बोलावणं गेलं. त्याने सीट उलटी केली, दोन वायरी सोलल्या, एकमेकींना पीळ घातला आणि वरून काळी टेप गुंडाळली. "डायरेक्ट केलंय, आता बंद पडणार नाही," असं सांगून तो गेला. म्हणजे आता चालक उठला तरी यंत्राला ते कळणार नव्हतं. पाच मिनिटांचं काम. मी शेजारीच उभा होतो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही हायसं वाटलं.

काही महिन्यांनी एका सकाळी पावसाची सर पडून गेली होती. मैदानाच्या कडेचा, तळ्याकडे जाणारा उतार कापायचा राहिला होता आणि दुपारी तिथे कार्यक्रम होता. माझा सहकारी त्या उतारावरून खाली येत असताना मागची चाकं घसरली. त्याने ब्रेक दाबला तसं यंत्र आणखीच सुटलं. घाबरून त्याने वरच्या बाजूला उडी मारली. यंत्र पुढे जाऊन एका झाडाच्या आळ्याला अडकलं आणि तिथेच थांबलं. इथवर सगळं निभावलं होतं. तो उठायला गेला, ओल्या गवतावर पुन्हा घसरला आणि घसरत आला तो थेट डेकच्या, म्हणजे पाती झाकणाऱ्या पत्र्याच्या आवरणाच्या, खाली. त्याने उडी मारल्यापासून तोवर दहा-बारा सेकंद तरी गेली असतील. सीट रिकामी होती, पण इंजिन चालू होतं आणि पाती फिरत होती. त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं बुटासकट गेली.

नंतर जो अहवाल झाला त्यात "चालकाचा निष्काळजीपणा" असं लिहिलं होतं. ओल्या उतारावर यंत्र नेलं, चालत्या यंत्रावरून उडी मारली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. काळ्या टेपचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. ती गोष्ट मला आजही सलते. हे पत्र त्यातूनच आलेलं आहे.

स्विच धड असता तर उडी मारताक्षणी पाती थबकली असती, असा माझा दावा नाही. इंजिन बंद झाल्यावरही ती स्वतःच्या जोरावर काही सेकंद फिरतच असतात. पण दहा-बारा सेकंदांत ती थांबली असती. तो पुन्हा घसरला असता, डेकला आपटला असता, फार तर घोट्याला मार बसला असता.

म्हणून पहिली आणि सगळ्यात कळकळीची विनंती याच स्विचबद्दल. बसून चालवायच्या मोअरमध्ये असे स्विच एकापेक्षा जास्त असतात. ब्रेक लावलेला नसेल किंवा पाती जोडलेली असतील तर इंजिन चालूच होऊ नये, यासाठी एक-दोन. चालक उठला तर बंद व्हावं, यासाठी सीटखालचा. बऱ्याच यंत्रांत रिव्हर्स टाकल्यावर पाती आपोआप थांबतात, आणि रिव्हर्समध्येही गवत कापायचंच असेल तर मुद्दाम वेगळी किल्ली फिरवावी किंवा बटण दाबावं लागतं. यातला प्रत्येक स्विच कुणाच्या ना कुणाच्या हातापायाची किंमत मोजून यंत्रात आलेला आहे. चालकांना त्यांचा जाच होतो हे मला माहीत आहे. पण खड्ड्यावर इंजिन बंद पडतं तेव्हा दोष क्वचितच स्विचच्या कल्पनेत असतो. सीटची स्प्रिंग गेलेली असते, कनेक्शनला गंज चढलेला असतो, शेडमधल्या उंदरांनी वायर कुरतडलेली असते, नाहीतर हलक्या वजनाचा चालक जास्त वजनासाठी लावलेल्या सीटवर बसलेला असतो. या सगळ्यावर इलाज आहे आणि तो मोठा नाही. नवा भाग येईपर्यंत यंत्र उभं ठेवावं लागतं, एवढंच. उभं ठेवायची परवानगी चालक स्वतःला देऊ शकत नाही. ती तुम्हीच द्यायला हवी, आणि तोंडी नाही, लेखी द्यायला हवी.

स्विच चालतो का हे बघायला मेकॅनिक लागत नाही. सपाट जागी, आजूबाजूला कुणी नसताना, चालकाने सीटवर बसून इंजिन चालू करावं, पाती जोडावीत आणि जागेवरच, पाय फूटबोर्डवर ठेवून सीटवरून किंचित वर उठावं. इंजिन मेलं पाहिजे. नाही मेलं तर त्या दिवशी ते यंत्र शेडबाहेर जाता कामा नये. याला अर्धं मिनिट लागतं आणि काम सुरू करण्यापूर्वी रोज हे करावं, असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत छापलेलंच असतं. ती पुस्तिका कपाटात कुलूपबंद असते, हा भाग वेगळा.

यंत्र दिसायला साधं असतं. खुर्ची, चार चाकं, स्टिअरिंग. लांबून पाहणाऱ्याला खेळण्यासारखं वाटतं आणि म्हणूनच "यात शिकवायचं काय?" असं मला अनेकदा ऐकावं लागलं आहे. लहान मोअरचं वजन २०० ते ३०० किलो असतं आणि मोठ्या मैदानांवर चालणारे झीरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारे मोअर, सहज ५०० किलोच्या घरात जातात. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतल्या मानकाने घातलेली आहे. हिशेब केला तर हे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर होतात. ही सुरक्षित ठरवलेली मर्यादा आहे, हे ध्यानात घ्या. त्या वेगाने फिरणाऱ्या पोलादी पात्याखाली अक्रोडाएवढा दगड आला तर तो बाहेर कसा पडेल, याचा अंदाज बांधायला विज्ञान शिकलेलं असावं लागत नाही. मी मोटारीच्या दाराच्या पत्र्यात रुतलेला खडा पाहिलेला आहे.

गवत कापायचं पहिलं यंत्र एडविन बडिंग यांनी १८३० साली केलं, तेव्हा माणूस त्याच्या मागून चालत असे. मागून चालणारा माणूस यंत्र घसरलं तर हात सोडून बाजूला होऊ शकतो. वर बसलेला माणूस यंत्राच्या वजनात आणि त्याच्या तोलात सामील झालेला असतो. यंत्र उलटलं तर तो त्याच्याखाली जातो. उताराचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. माझ्या पाहण्यातले सगळ्यात वाईट प्रसंग उतारावरचेच आहेत.

बहुतेक कंपन्या १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर बसून चालवायचा मोअर नेऊ नका, असं सांगतात. काही यंत्रांसाठी मर्यादा त्याहूनही कमी असते. १५ अंश म्हणजे १० मीटर आडव्या अंतरात साधारण २.७ मीटर चढ. नुसत्या नजरेने हा अंदाज कुणालाच येत नाही, मलाही येत नाही. त्यामुळे मी एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याकडची पाणपातळी घेऊन जातो. पट्टीचं एक टोक उतारावर टेकवायचं, पाणपातळी ठेवून पट्टी आडवी धरायची आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची. ती २७ सेंटिमीटर भरली तर तुम्ही १५ अंशांवर उभे आहात. पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी ज्या बांधावर वर्षानुवर्षं बिनधास्त गवत कापत होतो तिथे ३४ सेंटिमीटर भरली होती. त्यानंतर मी तिथे बसून कधी गेलो नाही.

तुमच्या आवारातला प्रत्येक उतार असा एकदा मोजून घ्या. नकाशावर लाल रंगाने दाखवा की इथे बसायचं यंत्र जाणार नाही, इथे मागून चालायचा मोअर किंवा हातातला कटर वापरायचा. तळं, नाला, संरक्षक भिंत, खोल चर यांच्या कडेपासून यंत्राच्या दोन रुंदींएवढी जागा सोडायची. कडेची माती वरून घट्ट दिसली तरी आतून पोकळ झालेली असते, आणि एक चाक कडेवरून गेलं की पुढचं सावरायला वेळ मिळत नाही. हा नकाशा चालकाच्या हातात असला की "एवढासा तुकडा कशाला सोडला?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असतं. आज ते नसतं. आज तो मुकाट्याने तिथे यंत्र घालतो.

उतारावर यंत्र घसरतं कसं, तेही माहीत असावं. साध्या मोअरचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. उतरताना वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि नेमकी तीच चाकं यंत्राला धरून ठेवणार असतात. अशा वेळी जोरात ब्रेक दाबला की चाकं फिरायची थांबतात आणि गवतावरून स्केटिंग केल्यासारखी सरकतात. माझ्या सहकाऱ्याचं हेच झालं. चढताना याच्या उलट होतं. गवत साठवायच्या पिशव्या मागे भरलेल्या असतील आणि चालकाने झटक्यात वेग दिला तर पुढची चाकं उचलली जातात. साध्या मोअरने उतारावर वर-खाली कापायचं, आडवं जायचं नाही, वळायचं झालंच तर हळू आणि खालच्या दिशेने. मागून चालायच्या मोअरचं बरोबर उलटं आहे, तो उताराला आडवा चालवायचा, नाहीतर चालणाऱ्याचा पाय घसरून यंत्राखाली जातो. नवी मुलं या दोन नियमांत गल्लत करतात. दोन्ही यंत्रांवर काम करणाऱ्याला फरक नीट समजावून सांगावा लागतो.

झीरो टर्नची गोष्ट आणखी वेगळी. त्याची पुढची चाकं नुसती मोकळी फिरतात, दिशा देण्याचं काम मागची दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरून करतात. म्हणजे मागची चाकं घसरली की ब्रेकही गेला आणि स्टिअरिंगही गेलं. पाण्याच्या कडेला हे यंत्र मला नेहमी भीतीदायक वाटत आलं आहे. सपाट मैदानावर त्याच्यासारखं चपळ दुसरं काही नाही, पण चपळ म्हणून ते सगळीकडे न्यावं असं होत नाही. उतारावर ते कसं चालवायचं याच्या सूचना कंपनीगणिक बदलतात, म्हणून तुमच्या यंत्राची पुस्तिका कपाटातून काढून चालकाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा.

यंत्राला मागे कमानीसारखा रोल बार असेल तर तो उभाच हवा आणि सीट बेल्ट लावलेलाच हवा. यंत्र उलटलं तरी चालकाभोवती जागा राखणं हे त्या बारचं काम, आणि चालकाला त्या जागेत धरून ठेवणं हे बेल्टचं. झाडाच्या फांद्या लागतात म्हणून बार आडवा पाडून ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. बार पाडलेला असताना बेल्ट लावला तर उलट घात होतो, माणूस यंत्राला बांधलेला राहतो आणि त्याच्यासकट खाली जातो. फांदीखालून जाण्यापुरता बार पाडायचा, तेवढ्यापुरता बेल्ट सोडायचा आणि बाहेर आल्यावर दोन्ही पूर्ववत. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना असं संरक्षण १९५९ पासून सक्तीचं केलं आणि ट्रॅक्टर उलटून होणारे तिथले मृत्यू नंतरच्या वर्षांत झपाट्याने कमी झाले. हे काही आज नव्याने सापडलेलं ज्ञान नाही. नवं यंत्र घेताना रोल बार आहे का, हा प्रश्न खरेदीच्या कागदावर पहिल्या ओळीत असावा.

ओल्या गवताबद्दल एवढंच सांगतो की कार्यक्रम दुपारी आहे म्हणून सकाळी ओल्यात कापायला लावणारा निरोप शेवटी कुणीतरी माणूसच देतो, आणि तो तुमच्या कचेरीतून येतो. एखादा दिवस गवत दोन इंच वाढलेलं दिसलं तर पाहुण्यांचं काही बिघडत नाही.

आता मुलांबद्दल. हे लिहिताना आजही हात थरथरतो.

पूर्वी आमच्याबरोबर काम करणाऱ्या एकाची चार वर्षांची मुलगी अधूनमधून मैदानावर यायची. मी तिला मांडीवर बसवून मोअरवरून एक चक्कर मारून आणायचो. पाती बंद असायची, वेग अगदी कमी, मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तिला ते फार आवडायचं. एकदा मी झाडाच्या बुंध्याशी रिव्हर्स घेत होतो. कानांवर आवाज कमी करणारे मफ होते. डेक खोडाला लागत नाही ना, हे पाहायला मी मागे वळलो, तर ती दोन हातांच्या अंतरावर होती, दोन्ही हात वर करून. मोअरचा आवाज ऐकून ती चक्कर मारायला धावत आली होती. मी खोडाकडे बघायला वळलो नसतो तर ती मला दिसली नसती. पाती बंद केली, किल्ली काढली, खाली उतरलो आणि बराच वेळ मला उभंसुद्धा राहता येईना.

ज्या मुलाला एकदा चक्कर मिळाली आहे, त्याला त्या आवाजाचा अर्थ खेळ असाच कळतो. ते मूल पुढच्या वेळी यंत्रापासून लांब पळत नाही, यंत्राकडे पळतं, आणि बहुधा मागून, जिथे चालकाला दिसत नाही तिथून. म्हणून मांडीवर मूल नको. पाती बंद असताना नको, फोटोपुरतं नको, संस्थेच्या वर्धापनदिनी तर नकोच नको. गवत कापताना सहा वर्षांखालची मुलं घराच्या आत असावीत आणि बसून चालवायचा मोअर सोळा वर्षांखालच्या कुणी चालवू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मागून चालायच्या मोअरसाठी त्यांनी किमान वय बारा धरलं आहे. मैदानाला मुलांचा राबता असेल तर गवत कापायची वेळ ठरवून फाटकावर लावा आणि त्या वेळात फाटकावर माणूस उभा करा. चालकाने एकट्याने यंत्रही चालवावं आणि चारी दिशांनी मुलंही राखावीत, हे होणारं काम नाही. रिव्हर्स घेण्याआधी मागे आणि खाली बघायचं, आणि रिव्हर्स संपेपर्यंत तिकडेच बघत राहायचं, हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवतो. आणि ती रिव्हर्सची वेगळी किल्ली कायमची फिरवून ठेवलेली सापडली तर मी काढून घेतो.

डेकमध्ये गवत अडकणं हा रोजचा प्रकार आहे, त्यामुळे त्याचं भय राहत नाही. थोडं ओलसर, उंच वाढलेलं गवत असलं की डेकच्या आत हिरवा लगदा चिकटत जातो, बाहेर पडायचं तोंड बंद होतं, इंजिन कण्हायला लागतं आणि करपलेल्या रबराचा वास येतो. चालक पाती बंद करतो, खाली वाकतो आणि हाताने तो लगदा ओढायला जातो. इंजिन चालूच असतं, कारण पुन्हा चालू करायचा कंटाळा. किंवा इंजिन बंद केलेलं असतं, पण किल्ली लागलेलीच असते. मी शिकवताना एक गोष्ट करून दाखवतो. इंजिन बंद, किल्ली खिशात, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला, हातात जाड हातमोजा. मग डेकखालचं डाव्या बाजूचं पातं हळूच बोटभर फिरवतो आणि मुलांना उजव्या पात्याकडे बघायला सांगतो. तेही फिरतं. दोन्ही-तिन्ही पाती एकाच पट्ट्यावर असतात. एका पात्यातला लगदा मोकळा केला की ताणलेला पट्टा सैल होताना दुसरं पातं हिसका देऊन फिरू शकतं, इंजिन बंद असलं तरी. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर कुणी तिथे बोटं घालत नाही. लगदा काठीने काढायचा, आणि ती काठी यंत्रालाच बांधलेली असावी, म्हणजे शोधायला लागत नाही. खालून साफ करायला यंत्र उचलायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली जाऊ नये, खाली भक्कम टेकू हवेत.

डेकच्या बाजूला गवत जिथून बाहेर पडतं तिथे एक झडप असते, बाहेर उडणारं खाली वळवणारी. अरुंद फाटकातून जाताना ती घासते, म्हणून तारेने वर बांधून टाकतात. ती तार दिसली की समजा, त्या बाजूला उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांच्या दिशेने एक नळी उघडी आहे. ती तार कापून टाका. कापणीआधी एकदा मैदान पायी फिरून दगड, तारा, बाटल्या, पाण्याच्या नळ्यांची वर आलेली तोंडं बघायची. खडीच्या रस्त्यावरून जाताना पाती बंद ठेवायची.

पेट्रोल थंड इंजिनमध्ये आणि मोकळ्या हवेत भरायचं, कॅन जमिनीवर ठेवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती शेडच्या जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीलाही पोचते. सायलेन्सरभोवती साठलेलं वाळकं गवत रोज झाडून काढलं पाहिजे आणि गरम यंत्र लगेच शेडमध्ये लावू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कानांचं बहुतेक ठिकाणी कुणी मनावरच घेत नाही. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या ठिकाणासाठी अमेरिकेतल्या NIOSH या कामगार-आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे, आणि तिच्या हिशेबाने आवाज ३ डेसिबलने वाढला की चालणारा वेळ निम्मा होतो. बसायच्या मोअरवर चालकाच्या कानाशी ९० च्या आसपास आवाज असतो. म्हणजे दोन-अडीच तासांतच दिवसभराचा कोटा संपतो. माझ्या डाव्या कानाला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. चांगले मफ घेऊन द्या, आणि त्याखाली गाणी ऐकायची मुभा देऊ नका. मफ आहेत म्हणून मागची हाक ऐकू येत नाही, तेव्हा डोळे तरी कामावर हवेत. पायात बंद आणि घट्ट तळव्याचे बूट हवेत, अंगात सैल लोंबणारं काही नको, हे तुम्हीही जाणता.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते म्हणून सांगतो. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गियरच्या यंत्राला, बंद पडलं तर हाताने ढकलता यावं म्हणून गियर मोकळा करायचा एक खटका असतो. ढकलून झाल्यावर तो पुन्हा जागेवर आणायचा राहून गेला तर उतारावर यंत्राला गियरची काहीच पकड राहत नाही आणि ते मोकाट सुटतं. दुरुस्तीहून परत आलेलं यंत्र पहिल्यांदा सपाटावरच चालवून बघावं, ते यासाठी.

आता मूळ मुद्द्यावर परत येतो. अपघात झाला की अहवालात चालकाचं नाव येतं. चूक त्याची असेल तर ते यावंच. पण त्याच अहवालात हेही लिहिलं जावं की स्विच चालू होता का, तो शेवटचा कधी तपासला, उतार मोजलेला होता का, त्या दिवशी लवकर संपवा असा निरोप कुणी दिला होता, आणि यंत्र खराब आहे असं चालकाने आधी सांगितलं होतं का. यंत्र नादुरुस्त आहे असं सांगून किल्ली टेबलावर ठेवणाऱ्या माणसाचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, असं एक पत्रक तुमच्या सहीने शेडच्या दारावर लावा. माझ्या मते एवढ्या एका कागदाने जे होईल ते दहा प्रशिक्षण वर्गांनी होणार नाही. कारण माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक चालकाला काय चुकतंय ते माहीत असतं. माझ्या सहकाऱ्यालाही माहीत होतं. टेप लावताना तोही तिथेच उभा होता.

मी आता जिथे आहे तिथे दर सोमवारी सकाळी सगळ्या मोअरच्या सीट उलट्या करून खाली बघतो. तुम्हीही एकदा स्वतः शेडमध्ये जा. कुणाला आधी न सांगता. सीट उचला, खालच्या वायरी बघा. काळी टेप दिसली तर त्या यंत्राची किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि नवा स्विच बसवून, सीटवरून उठल्यावर इंजिन बंद होतंय हे डोळ्यांनी पाहिल्यावरच ती चालकाला परत द्या.

आपला,
१९ वर्षं मोअर चालवणारा एक कामगार